थीटा-बीटाच्या आकड्यावर मुलांचं निदान नको

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,



मी ईईजी टेक्निशियन आहे. डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणं हे माझं रोजचं काम. या यंत्रावर माझा जीव आहे, आणि ज्या मुलांचं चित्त एका जागी ठरत नाही त्यांच्यावरही आहे. म्हणून हे पत्र आपल्या कार्यालयाच्या टपालात न टाकता उघडपणे लिहिते आहे.

अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या पिशवीत एक कागद हमखास असतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला. त्यावर मुलाच्या डोक्याचे लाल-पिवळे-निळे गोल नकाशे, खाली एक आकडा, आकड्यापुढे वर गेलेला बाण आणि एका ओळीचा निष्कर्ष: एडीएचडीशी सुसंगत. वर नाव असतं ‘ब्रेन मॅपिंग’. पुष्कळदा त्याच ठिकाणाहून पुढच्या तीस-चाळीस सेशन्सचं दरपत्रकही जोडून मिळालेलं असतं. मुलाशी कुणी तासभर बोललं का, शाळेतल्या बाईंना कुणी काही विचारलं का, कान-डोळे तपासले का, असं विचारलं की आई नवऱ्याकडे बघते आणि नवरा फोल्डरकडे.

माझं म्हणणं असं आहे. मेंदूच्या लहरी खऱ्या आहेत. एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकण्याची आणि अतिचंचलतेची अवस्था, हीही खरी आहे; ती लाडाने होत नाही आणि धाकाने जात नाही. पण या लहरींतून काढलेला आकडा संशोधनाच्या कामाचा आहे, समोर बसलेल्या एका मुलाचा निवाडा करण्याच्या लायकीचा तो अजून झालेला नाही. तो निवाडा म्हणून विकला जातो आहे ते थांबवणं, आणि मुलांची खरी तपासणी गावखेड्यातल्या आईबापांच्या हाताशी आणणं, ही दोन्ही कामं आपल्या खात्याची आहेत.

हा आकडा काय आहे ते आधी सांगते. मेंदूतल्या असंख्य पेशी एका तालावर चालतात तेव्हा विजेचे अतिशय क्षीण चढउतार, व्होल्टच्या काही दशलक्षांशांइतके, कवटीबाहेरही पकडता येतात. जर्मनीतल्या येना इथले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा असा आलेख पहिल्यांदा काढला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सेकंदाला साधारण चार ते आठ लहरी म्हणजे थीटा, आठ ते तेरा म्हणजे अल्फा, त्याहून वेगवान ती बीटा. लहान मुलांत थीटा मुळातच भरपूर असते आणि वय वाढेल तशी ओसरत जाते. कुठल्याही वयात डुलकी लागायला आली की ती पुन्हा वर येते. थीटाच्या शक्तीला बीटाच्या शक्तीने भागलं की थीटा-बीटा गुणोत्तर मिळतं. बहुतेक वेळा हा भागाकार टाळूच्या मध्यावरच्या एकाच इलेक्ट्रोडवरून केलेला असतो. कागदावरचा बाण वर जातो तो याच्यासाठी.

मुलांचं वागणं आणि या लहरी यांचा संबंध शोधायची धडपड जुनी आहे आणि ती आदराने सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात मनोविकार असलेल्या मुलांसाठी ब्रॅडली होम नावाची संस्था होती. तिथे चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं आणि त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांचं शाळेतलं काम अनपेक्षितपणे सुधारलं. आजच्या उत्तेजक औषधांची कहाणी तिथून सुरू होते. त्याच संस्थेत हर्बर्ट जॅस्पर मुलांचे ईईजी काढत होते. १९३८ मध्ये या मंडळींनी वागणुकीच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या लहरींवर निबंध लिहिला आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या मंद लहरींची नोंद केली. इलेक्ट्रोड नेमके कुठे लावायचे याची ‘दहा-वीस’ पद्धत १९५८ मध्ये मांडली तीही जॅस्पर यांनीच. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मी आज टेप लावते आणि पेन्सिलीने खुणा करते, त्या त्यांच्या मापानेच.

गुणोत्तराची चलती १९९० नंतर झाली. मानसशास्त्रज्ञ जोएल लुबार यांनी ते पुढे आणलं. १९९९ मध्ये विन्सेंट मोनास्ट्रा आणि सहकाऱ्यांनी ६ ते ३० वयाच्या ४८२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला: एडीएचडी असलेल्यांपैकी ८६ टक्के या मोजणीने पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ९८ टक्के बरोबर वगळले गेले. इतके चांगले आकडे मनोविकारशास्त्रात क्वचित दिसतात, त्यामुळे साऱ्यांना हुरूप आला. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गुणोत्तरावर चालणाऱ्या ‘नेबा’ नावाच्या यंत्रणेला ६ ते १७ वयाच्या मुलांसाठी परवानगी दिली. जाहिरातींत ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ असं छापलेलं असतं ते या जोरावर. पण त्या परवानगीत एक अट आहे आणि जाहिरातीत नेमकी तीच गाळली जाते. ही मोजणी संपूर्ण वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणीचा एक भाग म्हणून, डॉक्टरच्या निदानाला जोड म्हणूनच वापरायची आहे. एकट्या आकड्यावर निदान करायची मुभा तिथल्या प्रशासनानेही कधी दिली नाही.

त्याच वर्षी दुसरी घटना घडली, तिची मात्र कुणी जाहिरात करत नाही. मार्टिन आर्न्स, कीथ कॉनर्स आणि हेलेना क्रेमर या संशोधकांनी दहा वर्षांतलं संशोधन एकत्र करून तपासलं. हे कॉनर्स म्हणजे ज्यांची प्रश्नावली जगभर एडीएचडीसाठी वापरली जाते तेच. नऊ अभ्यास, एडीएचडी असलेली १,२५३ मुलं आणि नसलेली ५१७. सरासरीत फरक निघाला, पण अभ्यासाअभ्यासांत इतकी तफावत होती की निघालेला फरकही फुगलेला असावा असं त्यांनी स्वतःच लिहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्षं जातील तसा तो फरक कमी होत गेलेला दिसला. कारण एडीएचडी नसलेल्या मुलांचंच गुणोत्तर वाढत चाललं होतं. एकूणच मुलांची झोप घटते आहे, तिचा यात हात असावा, असं त्यांनी सुचवलं. निदानाची खूण म्हणून हे गुणोत्तर भरवशाचं नाही, मात्र काही मुलांत उपचार कसा लागू पडेल याचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडू शकेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने डॉक्टरांसाठी सल्ला काढला. ही मोजणी नेहमीच्या तपासणीच्या जागी वापरू नये; एडीएचडी नसलेल्यांवर शिक्का बसण्याचं प्रमाण मान्य होण्याजोगं नाही, आणि चुकीच्या निदानाने मुलाचं नुकसान होऊ शकतं, हे पालकांना सांगावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

महोदय, सरासरीतला फरक आणि एकट्या मुलाचं निदान यांत केवढं अंतर आहे ते आपल्या अधिकाऱ्यांना एका उदाहरणाने सांगता येईल. आठवीतल्या आणि नववीतल्या मुलांच्या सरासरी उंचीत फरक असतो, तो मोजता येतो आणि तो खरा असतो. पण समोरच्या मुलाची उंची मोजून तो आठवीत आहे की नववीत हे सांगायला कुणी धजणार नाही. थीटा-बीटाचं तसंच आहे.

आता हेच यंत्र शाळेत नेलं तर काय होईल ते पाहा, कारण शाळांना असे प्रस्ताव दिले जातात. १,००० मुलांची शाळा धरा. त्यात पाच टक्के, म्हणजे ५० मुलांना एडीएचडी आहे असं धरा. चाचणी उदारपणे दोन्ही बाजूंनी ८५ टक्के अचूक माना. त्या ५० पैकी सुमारे ४२ मुलं सापडतील. पण उरलेल्या ९५० पैकी १५ टक्के, म्हणजे सुमारे १४२ मुलांच्या कागदावरही तोच लाल बाण येईल. बाण मिळालेल्या दर चार मुलांत तिघांना एडीएचडी नसेल. यात यंत्राचा दोष नाही, हा साधा हिशेब आहे. आणि ही १४२ मुलं कुणाची तरी पोटची असतील; त्यांच्या आया रात्री जागतील.

मी जे डोळ्यांनी बघते ते याहून काळजीचं आहे. हा आकडा तयार होतो आमच्या हातांत. मुलाची पहिली तक्रार असते डोकं ओलं होण्याची. आईने बाहेर जायचं म्हणून चापूनचोपून तेल लावून भांग पाडलेला असतो. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड धरत नाही, रोध वाढतो, रेघेत खरखर शिरते. मग स्पिरिटच्या बोळ्याने टाळू पुसायची, पेस्ट घासून लावायची, वर गॉज चिकटवायचा आणि यंत्रावर रोध खाली येईपर्यंत थांबायचं. घाई केली की संपलं. पोराने दात आवळले तर कानशिलाचे स्नायू बोलतात आणि बीटा वाढल्यासारखी दिसते. पापण्या फडफडल्या तर पुढच्या इलेक्ट्रोडवर मोठ्या संथ लाटा येतात आणि त्या मंद लहरींच्या खात्यात जमा होतात. सर्दीचं औषध घेऊन आलेलं पोर अर्धं झोपेत असतं. पहाटे पाचच्या एसटीने निघालेलं तालुक्याचं पोर खुर्चीत टेकल्या टेकल्या पेंगतं. पेंग आली की थीटा वर, थीटा वर गेली की गुणोत्तर वर. ज्या मुलाला आपण चंचल म्हणणार आहोत ते त्या क्षणी फक्त झोपाळलेलं असतं.

एक गोष्ट तर मला अजून बोचते. फिटची शंका असली की आम्ही मुद्दाम जागरण करून यायला सांगतो, कारण झोपेच्या काठावर दोष उघडा पडतो. ती पद्धत बरोबरच आहे. पण अशाच जागरणाच्या रेकॉर्डिंगवरून कुणी तरी नंतर थीटा-बीटा काढलं आणि त्यावर एडीएचडीचा शेरा मारला, असा कागद माझ्या हातात आलेला आहे. ठिकाणाचं नाव मी लिहीत नाही. मुलगा आठ वर्षांचा होता. ‘मागच्या रात्री किती झोपला होता?’ हा प्रश्न त्या अहवालात कुठेही नव्हता.

गणितातही मेख आहे. काही मुलांची अल्फा लहर वयाच्या मानाने संथ असते, सेकंदाला आठच्या खाली. यंत्र पट्ट्याप्रमाणे तिला थीटा म्हणून मोजतं आणि गुणोत्तर फुगतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिलं आहे. आणखी खोल गेलं तर लहरींच्या खाली विजेचा एक सर्वसाधारण उतार असतो, कमी वेगाकडे जास्त शक्ती आणि जास्त वेगाकडे कमी. हा उतार वयाप्रमाणे, जागेपणाप्रमाणे, औषधांप्रमाणे बदलतो. तो वेगळा काढल्याशिवाय केलेला भागाकार नेमका कशाचा झाला हेच कळत नाही, असं गेल्या काही वर्षांतलं संशोधन सांगतं. शिवाय मूल ‘नॉर्मल’पेक्षा किती वेगळं हे ज्या संदर्भसंचाशी ताडून ठरवतात, ते प्रचलित संच मुख्यतः परदेशातल्या मुलांवर उभे आहेत. आपल्या मुलांची झोप, खाणं, लोहाची कमतरता यांचा त्यांत हिशेब नाही.

ईईजीच नको, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मला त्याची फार भीती वाटते. वर्गात मध्येच थबकणारी, दहा-पंधरा सेकंद शून्यात बघणारी आणि मग काही झालंच नाही अशी पुढे लिहायला लागणारी मुलं असतात. बाई म्हणतात लक्ष नाही, घरी म्हणतात स्वप्नाळू आहे. अशा मुलीच्या हातात आम्ही कागदाचं भिरभिरं देतो आणि तीन मिनिटं फुंकत राहायला सांगतो. ती हसत फुंकते. दोनेक मिनिटांत भिरभिरं थांबतं, डोळे स्थिर होतात आणि पडद्यावर सगळ्या रेघांत एकदम सेकंदाला तीन या वेगाने टोक आणि लाट, टोक आणि लाट अशी रांग उमटते. ती आकडी आहे, अॅबसन्स प्रकारची, आणि तिच्यावर चांगली औषधं आहेत. तिथे ईईजीला पर्याय नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर या यंत्राकडे आहे तो प्रश्न जिल्ह्याच्या गावी विचारायला माणूस मिळत नाही, आणि ज्याचं उत्तर त्याच्याकडे नाही त्यासाठी शहरात रांगा लागतात, याचं दुःख आहे.

मोठ्यांची गोष्ट वेगळी आणि अधिक निसरडी आहे. गेल्या काही वर्षांत तिशी-पस्तिशीची माणसं स्वतःहून येतात: काम सुरू होतं पण संपत नाही, बिलं भरायची राहतात, नात्यांत खटके उडतात. त्यात स्त्रिया बऱ्याच असतात, कारण शांत बसून हरवलेल्या मुलींकडे त्यांच्या शाळेत कुणाचंच लक्ष गेलेलं नसतं. त्यांचा त्रास खोटा नाही. पण मोठेपणी थीटा मुळातच ओसरलेली असते आणि मोठ्यांत या गुणोत्तराचे निकाल एका अभ्यासात एक, दुसऱ्यात दुसरे असे येतात. एखाद्या आवाजाला किंवा चित्राला मेंदूने दिलेल्या प्रतिसादाची ‘पी-३००’ नावाची लहर एडीएचडीत सरासरीने ठेंगणी दिसते. तीही सरासरीच, आणि ती इतर आजारांतही ठेंगणी होते. रात्रपाळी, घोरणं, थायरॉइड, नैराश्य, चिंता, चहा-कॉफी या सगळ्यांचे ठसे याच पट्ट्यांत उमटतात. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेनुसार मोठ्या माणसातही लक्षणांची सुरुवात बारा वर्षांच्या आत झालेली असावी लागते. म्हणजे पस्तिशीच्या माणसासाठी सर्वात मोलाचा पुरावा आईच्या आठवणीत असतो, नाही तर ट्रंकेत ठेवलेल्या प्रगतिपुस्तकात, जिथे बाईंनी ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिलेला असतो. मी रुग्णांना ते घेऊन यायला सांगते.

पालक त्या रंगीत कागदाकडे का ओढले जातात हे मला समजतं, आणि त्यांना मी दोष देणार नाही. वर्षानुवर्षं त्यांनी ऐकलेलं असतं: संस्कार कमी पडले, आजीने लाडावलं, आई नोकरी करते म्हणून. कागद सांगतो की दोष मेंदूतल्या विजेत आहे. आईच्या छातीवरचा दगड उतरतो. शाळाही ‘रिपोर्ट आणा’ म्हणते. तासभर बोलून दोन पानी टिपण देणाऱ्या मानसशास्त्रज्ञापेक्षा यंत्रातून निघालेलं पान सगळ्यांनाच जास्त वजनदार वाटतं. त्यामुळे नुसती बंदी घालून भागणार नाही. त्या आईला तितकाच दिलासा देणारं आणि खरं असं काही तरी शासनाने पुढे करायला हवं.

ते असं काही परग्रहावरचं नाही. डीएसएम-५ मध्ये अवधानाची नऊ आणि चंचलतेची नऊ लक्षणं आहेत; मुलात एखाद्या गटातली निदान सहा, सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांत पाच, सहा महिन्यांपासून, आणि घर-शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात. पालकांची मुलाखत, शिक्षकांची प्रश्नावली, मुलाचं निरीक्षण, कान-डोळे, झोप, रक्तातलं लोह, थायरॉइड, अभ्यासातल्या अक्षमतेची चाचपणी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१७ च्या निवेदनातही निदान याच वाटेने करायला सांगितलं आहे. ‘इनक्लेन’ या संशोधन संस्थेने एडीएचडीसाठी आपल्या परिस्थितीला धरून प्रश्नावली तयार करून तपासलेली आहे. या सगळ्यात वीज लागते ती फक्त खोलीतल्या दिव्यापंख्याला. वेळ आणि शिकलेलं माणूस मात्र लागतं.

न्यूरोफीडबॅकच्या पॅकेजबद्दलही बोलायला हवं, कारण आकड्यामागोमाग तेच विकलं जातं. मुलाने पडद्यावरचा खेळ स्वतःच्या लहरींनी चालवायचा, थीटा कमी आणि बीटा जास्त करायला शिकायचं, अशी ती कल्पना आहे. ती कल्पना म्हणून सुंदर आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुहेरी-अंध, म्हणजे खरा उपचार कुणाला मिळतो आहे हे मुलांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नसलेल्या, चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७ ते १० वर्षांची, मुद्दाम वाढलेलं थीटा-बीटा असलेली एकशे चाळीसहून अधिक मुलं त्यात घेतली होती. काहींना खरं प्रशिक्षण दिलं, काहींना दुसऱ्याच मुलाच्या आधी रेकॉर्ड केलेल्या लहरींवर चालणारा तोच खेळ दिला, ३८ सेशन्स. दोन्ही गट सुधारले आणि दोहोंत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. आठवड्यातून तीनदा कुणी तरी मुलाला शांतपणे वेळ देतं, पालक नेमाने येतात, झोपेबद्दल बोललं जातं, याचा गुण खरा असावा. पण त्यासाठी कर्ज काढून लहरींचं पॅकेज घ्यावं लागू नये.

लहरींच्या आधारे माणसाबद्दल निवाडा करायचा मोह आपल्या राज्याला नवा नाही. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींवर आधारलेल्या चाचणीचा अहवाल पुराव्यात धरला गेला आणि शिक्षाही झाली. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कुणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाहीत. आरोपीला जे संरक्षण मिळालं त्याच्या पासंगाला पुरेल असं काही आठ वर्षांच्या मुलाला मिळावं, एवढंच माझं मागणं आहे. त्याच्या वतीने सही करणाऱ्या आईबापांना निदान खरं काय ते कळलेलं असावं.

आता नेमकं काय करावं ते लिहिते. ‘यंत्राने एडीएचडीचं निदान’ अशी जाहिरात दिशाभूल करणारी आहे, असं आपल्या खात्याने जाहीर परिपत्रकाने म्हणावं आणि शिक्षण खात्यामार्फत ते प्रत्येक शाळेपर्यंत जावं, म्हणजे मुख्याध्यापक अशा शिबिरांना वर्ग उघडून देणार नाहीत आणि प्रवेशासाठी किंवा सवलतीसाठी ब्रेन मॅपिंगचा कागद मागणार नाहीत. मुलाच्या कोणत्याही ईईजी अहवालात त्याचं वय, मागच्या रात्रीची झोप, चालू औषधं, रेकॉर्डिंगच्या वेळी तो जागा होता की पेंगत होता, आणि संदर्भसंच कोणता, हे लिहिणं बंधनकारक व्हावं. आणि खाली मराठीत एक वाक्य असावं की एकट्या या अहवालावरून एडीएचडी ठरत नाही किंवा नाकारलीही जात नाही. नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी नर्सिंग होममध्ये रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितली आहे. पण ही केंद्रं खाटा नसलेली, दुकानाच्या गाळ्यातली असतात आणि त्या कायद्याच्या जाळीतून निसटतात. खाटा नसलेल्या तपासणी केंद्रांसाठी राज्याने वेगळी नोंदणी आणावी.

आणि खरी तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या दोष-आजारांच्या त्याच्या यादीत एडीएचडी आहे. म्हणजे वर्षातून एकदा शाळेत येणाऱ्या फिरत्या पथकाने या मुलांकडे बघणं आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणं हे कागदावर आधीच ठरलेलं आहे. नवी योजना काढायची गरज नाही. पथकाच्या हाती शिक्षकांसाठीची मराठी प्रश्नावली द्या. प्रत्येक जिल्हा केंद्रात मानसशास्त्रज्ञाचं पद भरलेलं ठेवा आणि त्याला एका मुलामागे तासभर मिळेल अशी भेटींची वेळ ठरवा. महिन्यातला एक दिवस मोठ्यांसाठी ठेवा. फिटची शंका असलेल्या मुलाला तिथेच नीट ईईजी मिळावा, म्हणजे त्याला दीडशे किलोमीटर एसटीने यावं लागणार नाही.

माझ्या हातात जेवढं आहे ते मी केलं आहे. मुलाला ईईजीसाठी आणताना तेल लावू नये, कोणती औषधं सांगावीत, जागरण कधी करायचं आणि कधी मुळीच नाही, आणि या तपासणीतून काय कळतं व काय कळत नाही, याचं एका पानाचं मराठी टिपण करून मी आमच्या खोलीबाहेर लावलं आहे. आपल्या खात्याला ते तपासून, दुरुस्त करून राज्यभर वापरायचं असेल तर जसंच्या तसं पाठवते. त्यावर माझं नाव घालायची गरज नाही.

आपली विश्वासू,
एक ईईजी टेक्निशियन